नोकरीवर घेण्याआधी आणि राजीनामा घेण्याआधी

मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस आपल्या इमारतीत राहतो का, आपल्या मुलाच्या क्लासमध्ये शिकवतो का, शाळेची व्हॅन चालवतो का, हे कुठे तपासता येईल? पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर अशा सतत नवी कुटुंबे येत असलेल्या भागात पालकांना हा प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा. याचे सरळ उत्तर असे की अशा गुन्हेगारांची यादी आपल्या देशात आहे, पण ती तुम्हाला किंवा मला पाहता येत नाही. पोलिसांना ती पाहता येते. म्हणून ती पोलिसांकडून पाहिली जाईल अशी व्यवस्था करणे आणि मुळात त्या यादीत नाव जाईल अशी तक्रार करणे, ही दोन कामे आपल्या वाट्याला येतात. हा लेख त्या दोन कामांविषयी आहे.

ही यादी म्हणजे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद. केंद्रीय गृह मंत्रालयाने ती २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे सोपवली. बलात्कार, सामूहिक बलात्कार, छेडछाड आणि मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा, यांखाली दोषी ठरलेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे तिच्यात ठेवले जातात. सुरुवातीलाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. पुढे २०२२ मध्ये गुन्हेगारांच्या ओळखीविषयीचा नवा कायदा आला. त्यानुसार पोलिसांनी घेतलेले ठसे, छायाचित्रे, डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षे जपून ठेवता येतात. आणखी एक जुनी तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. गंभीर गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत त्याने आपला राहण्याचा पत्ता आणि त्यातला बदल कळवत राहावा, असा आदेश न्यायालय शिक्षा सुनावतानाच देऊ शकते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ मध्ये आहे. मात्र हा आदेश आपोआप होत नाही, तो न्यायालयाच्या इच्छेवर आहे. तसा आदेश मागावा, असे सरकारी वकिलांना सुचवायला पीडित मुलाच्या कुटुंबाला कुणी अडवलेले नाही.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील तर त्यांनी तुम्हाला सांगितले असेल की तिथे घर घेण्याआधी लोक संकेतस्थळावर त्या भागातल्या गुन्हेगारांची यादी पाहतात. हे खरे आहे. १९९४ मध्ये न्यू जर्सीत मेगन नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हत्या झाली. मारेकरी समोरच राहत होता आणि त्याला यापूर्वी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती. घरच्यांना याची काहीच कल्पना नव्हती. त्या संतापातून तिच्या नावाचा कायदा आला आणि १९९६ मध्ये तो संपूर्ण अमेरिकेसाठी झाला. ब्रिटनने १९९७ मध्ये नोंदणी सक्तीची केली, पण यादी लोकांपुढे ठेवली नाही. तिथे पालक एखाद्या विशिष्ट माणसाविषयी पोलिसांकडे विचारणा करू शकतात आणि मुलाला धोका आहे असे वाटले तर पोलीस माहिती देतात. आपल्याकडे अशी विचारणेची सोय असती तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते. उघडी यादी मात्र नको. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत पोक्सोखालच्या बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या परिचयातला असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. सख्खा काका, सावत्र बाप, शेजारी, शिकवणीचे सर. अशा माणसाचे नाव आणि पत्ता उघड झाला की ते मूल कोण हे अख्ख्या आळीला कळते. मुलाची ओळख उघड करणे हा पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे आणि तो तसा असायलाच हवा. दुसरे कारण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. तिथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेने चेकाळलेल्या जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. राष्ट्रीय नोंद सुरू होण्याच्या जेमतेम पावणेतीन महिने आधीची ही घटना. उद्या सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्याचा फोटो आणि ‘यापासून सावध’ असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका. संशय खरा असेल तर तो पोलिसांना सांगण्याचा विषय आहे. खोटा असेल तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यादीत नाव यायला आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो, मग खटला, मग शिक्षा. या साखळीची पहिली कडी आपल्याकडे सगळ्यात आधी निखळते आणि ती निखळते शाळेच्या किंवा क्लासच्या कार्यालयात. एखाद्या मुलीने शिपायाबद्दल किंवा प्रशिक्षकाबद्दल काही सांगितले की पालकांना बोलावले जाते, संस्थेचे नाव, मुलीचे भविष्य, परीक्षा जवळ आली आहे, असे सगळे समजावले जाते आणि त्या माणसाकडून राजीनामा घेतला जातो. सगळ्यांना वाटते की प्रश्न मिटला. तो माणूस महिन्याभरात दुसऱ्या संस्थेत लागतो, कारण त्याच्याविरुद्ध कुठेही कागद नाही. पोलीस पडताळणीत त्याचे नाव येणार नाही आणि राष्ट्रीय नोंदीतही ते असणार नाही. पहिल्या शाळेने आपली मुले वाचवली असे म्हणायचे, तर दुसऱ्या शाळेतल्या मुलांचे काय?

कायद्याला हे ठाऊक आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवायचे आहे. मुख्याध्यापक, डॉक्टर, समुपदेशक, शेजारी, कुणीही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एका वर्षापर्यंत आणि दंडही. याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार कळूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे स्पष्ट केले. ‘आम्ही अंतर्गत चौकशी करतो आहोत’ असे कुणी म्हणाले तर त्यांना या निकालाची आठवण करून द्या. अंतर्गत चौकशी खुशाल करावी, पण पोलिसांना कळवल्यानंतर. सद्भावनेने तक्रार करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असे संरक्षणही कलम १९ मध्येच आहे. त्यामुळे ‘खोटे निघाले तर आपणच अडकू’ ही भीती बाळगू नका. पुरावा गोळा करणे हे पोलिसांचे काम आहे, तुमचे नाही.

संस्था चालवत असाल, मग ती शाळा असो, पाळणाघर, नृत्यवर्ग, क्रिकेटची अकादमी किंवा दोन खोल्यांतला शिकवणीवर्ग, तर नोकरीवर घेण्याआधीचे काम तुमचे. पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. शिवाय ही पडताळणी एकदाच करून चालत नाही, ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे. ‘कंत्राटी’ हा शब्द किती महत्त्वाचा आहे हे बदलापूरने ऑगस्ट २०२४ मध्ये दाखवून दिले. तिथल्या आरोपीला शाळेत कंत्राटावर सफाईच्या कामासाठी घेतले होते आणि अवघ्या काही दिवसांत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला पालक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने शाळांच्या सुरक्षेविषयी शासन निर्णय काढला. त्यात नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी या गोष्टी आल्या आणि घटना कळल्यावर ती २४ तासांत शिक्षण अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारीही आली. त्याआधी मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय झालेला होताच. तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे, हे पुढच्या पालकसभेत विचारा. नावे सांगता आली नाहीत तर समिती फक्त कागदावर आहे असे समजा.

पनवेलकरांना पडताळणीत एक स्थानिक गुंता लक्षात ठेवावा लागतो. पनवेल तालुका महसुलासाठी रायगड जिल्ह्यात आहे, पण इथली पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली आहेत आणि आयुक्तालय बेलापूरला आहे. त्यामुळे चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर भरताना आयुक्तालय ‘नवी मुंबई’ निवडायचे. बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष मात्र रायगड जिल्ह्याचे. आणि तुमचा कर्मचारी पेण, कर्जत किंवा खालापूरहून रोज येत असेल, तर त्याच्या घराकडचे पोलीस ठाणे अलिबागच्या पोलीस अधीक्षकांखाली येते. सध्याचा पत्ता पनवेलचा आणि आयुष्य गेले दुसरीकडे, अशी माणसे इथे पुष्कळ आहेत. म्हणून अर्जासोबत गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहून घ्या आणि जिथे जिथे वास्तव्य झाले तिथली पडताळणी मागा. हे परप्रांतीयांवर संशय घेण्यासाठी नाही. गावचा, ओळखीचा, ‘आपला’ माणूस असला तरी हाच नियम लावा. ‘त्यांना आम्ही लहानपणापासून ओळखतो’ ही पडताळणी होत नाही.

प्रमाणपत्र हातात आले की निर्धास्त होऊ नका. ते एवढेच सांगते की अमुक तारखेपर्यंत पोलिसांच्या दप्तरात या नावावर गुन्हा दिसत नाही. म्हणून आणखी दोन गोष्टी करा. उमेदवाराकडून स्वाक्षरीचे घोषणापत्र घ्या: माझ्यावर मुलांच्या संदर्भात कुठलाही गुन्हा दाखल नाही, खटला चालू नाही, कुठल्याही संस्थेने मला अशा तक्रारीवरून काढलेले नाही. आणि आधीच्या संस्थेच्या प्रमुखाला स्वतः फोन करा. ‘माणूस कसा आहे?’ असे मोघम विचारले की ‘चांगला आहे’ असेच उत्तर येते. थेट विचारा, ‘यांच्याविरुद्ध मुलांच्या संदर्भात कधी तक्रार आली होती का? आणि यांना तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का?’ दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर ते गप्प होणे नोंदवून ठेवा. या फोनची तारीख, वेळ आणि उत्तर वहीत लिहा. हा खटाटोप छोट्या क्लासच्या मालकाला जड वाटेल, हे खरे. तरी तो करा. कंत्राटदाराकडून सफाई कामगार, सुरक्षारक्षक, व्हॅनचालक येत असतील तर करारातच अट घाला की पडताळणी झालेलीच व्यक्ती येईल आणि बदली माणूस पाठवायचा असेल तर आधी त्याची कागदपत्रे. बदली म्हणून आलेल्या माणसाला ‘आजच्या दिवस’ म्हणून आत घेतले जाते आणि तिथेच चूक होते.

आणि संस्थाचालकांची पडताळणी कोण मागणार? हा प्रश्न कळंबोलीने उभा केला. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या वसतिगृहात मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून गतिमंद मुलांच्या वसतिगृहांची पाहणी सुरू झाली. त्या काळात, २०११ मध्ये, कळंबोलीच्या एका खासगी वसतिगृहातले अत्याचार बाहेर आले. बोलताही न येणाऱ्या मुली त्यात होत्या. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह इतरांना दोषी ठरवले. जो माणूस दरवाजाची किल्ली बाळगतो तोच अत्याचारी असेल, तर कुठलीही यादी मुलांना वाचवत नाही. बाहेरच्यांची ये-जाच वाचवते. म्हणून वसतिगृहाला देणगी देत असाल, वाढदिवसाचे जेवण देत असाल, तर एवढे तरी पाहा: बाल न्याय कायद्याखाली आवश्यक असलेले नोंदणीपत्र दर्शनी भागात आहे का, बालकल्याण समितीची शेवटची भेट कधी झाली, पूर्वसूचना न देता आलेल्या माणसाला आत येऊ देतात का. उत्तर देताना टाळाटाळ झाली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा.

परदेशी स्वयंसेवकांबद्दलही भोळेपणा नको. मुंबईत कुलाब्याला आणि आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूडला निराधार मुलांसाठी ‘अँकरेज’ निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये मुलांवरच्या अत्याचारासाठी शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयात ते सुटले, पण मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. परदेशातून मुलांसोबत काम करायला येणाऱ्याकडून त्याच्या देशाचे पोलीस प्रमाणपत्र मागा. ब्रिटनमध्ये तर खास याच कामासाठी ‘इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट’ मिळते. चांगल्या हेतूने आलेला माणूस ते मागितल्याचा राग मानत नाही.

आता तुमच्याच मुलाने काही सांगितले तर. त्याचे पूर्ण ऐका, ‘मग तू ओरडली का नाहीस?’ असे विचारू नका. पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. कपडे धुऊ नका, अंघोळ घालण्याची घाई करू नका. १०९८ किंवा ११२ वर फोन करा, किंवा जवळच्या ठाण्यात जा. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात आणि त्यांनी गणवेशात यायचे नसते. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. उपचारांसाठी रुग्णालयाने गुन्ह्याच्या कागदाची वाट पाहायची नाही. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय असो वा दुसरे कुठलेही सरकारी किंवा खासगी रुग्णालय, पहिले उपचार मोफत करणे बंधनकारक आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. समितीकडून मुलासाठी सहायक व्यक्ती मागा, ती खटला संपेपर्यंत सोबत राहते. आर्थिक मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तडजोडीसाठी नातेवाईक येतील. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही, एवढे एक वाक्य त्यांना पुरे.

आरोपीला याआधी लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर तपास अधिकाऱ्याला राष्ट्रीय नोंद तपासायला लेखी विनंती करा. ही नुसती औपचारिकता नाही. पूर्वी दोषी ठरलेल्याने पुन्हा मुलावर बलात्काराचा गुन्हा केला तर तो पोक्सोच्या कलम ५ खाली अधिक गंभीर ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा २० वर्षे आहे. जुना निकाल आरोपपत्राला जोडला गेला नाही तर न्यायालयाला तो दिसणारच नाही.

शेवटची गोष्ट बहुतेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना गुन्हेगारांची यादी मिळत नसली, तरी ज्या मुलावर अत्याचार झाला त्याच्या कुटुंबाला त्या एका माणसाविषयी माहिती मिळण्याचा हक्क आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी तपास कुठवर आला, आरोपपत्र कधी गेले, सुनावणी कधी आहे, आरोपीने जामीन मागितला का, तो सुटला का, निकाल काय लागला, हे कुटुंबाला कळवत राहायचे आहे. जामिनाच्या सुनावणीत तुमचे म्हणणे मांडायला वकील उभा राहू शकतो, तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफतही मिळतो. ही माहिती आपोआप येईल अशी वाट पाहू नका. गुन्हा दाखल झाला त्या आठवड्यातच ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा: गुन्हा क्रमांक अमुक, आरोपीच्या जामीन, सुटका आणि पत्ताबदलाविषयीची प्रत्येक माहिती आम्हाला या फोन क्रमांकावर आणि या पत्त्यावर कळवावी. त्याची एक प्रत न्यायालयात सरकारी वकिलांकडे द्या, दुसरी सहायक व्यक्तीकडे, आणि ठाण्याचा शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवा. घर बदलले, फोन बदलला, तर पुन्हा अर्ज द्या.